शंकासमाधान : एसडी माहीत नाही, सरासरी तर सांगायची आहे

नमुना कसा उचलावा यावर गेल्या अंकात लिहिलं. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रं एकाच जागी अडली आहेत. सरासरीचा पट्टा (इथून इथपर्यंत) काढायच्या सूत्रात समष्टीचं, म्हणजे सगळ्या मालाचं, प्रमाण विचलन टाकायला सांगतात. बोलीत 'एसडी' : मापं सरासरीभोवती किती पसरली आहेत त्याचं माप. ती आणायची कुठून? त्यांतली सहा पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न : आमचा बचत गट थालीपीठाची भाजणी ५०० ग्रॅमच्या पाकिटांत भरतो. परवाच्या भरणीतली दहा पाकिटं तोलली : ५०३, ४९८, ५०६, ५०१, ४९५, ५०४, ४९९, ५०२, ५०७, ५००. सरासरी ५०१.५ आली. मग आम्ही पाचशेच्या वर भरतो, असं ठामपणे म्हणावं का? मुलीच्या पुस्तकातलं सूत्र सगळ्या मालाची एसडी मागतं. ती आमच्याकडे नाही. (कोथरूड)

उत्तर : ती कोणाकडेच नसते. मालाची सरासरी ठाऊक नाही पण पसारा मात्र अचूक ठाऊक आहे, असा माल पुस्तकातच भेटतो. तेव्हा पसाराही त्याच दहा पाकिटांतून काढायचा.

आधी एक खात्री करा : रिकाम्या पाकिटाचं वजन वजा केलंय ना? नसेल तर पुढचं सगळं गणित प्लॅस्टिकसकट होईल.

प्रत्येक वजनातून ५०१.५ वजा करा. फरक येतात १.५, −३.५, ४.५, −०.५, −६.५, २.५, −२.५, ०.५, ५.५, −१.५. यांची बेरीज शून्य यायलाच हवी. आली नाही तर सरासरीच चुकली आहे. वर्गांची बेरीज १२२.५. तिला दहाने नाही, नवाने भागायचं. फरक आपण त्याच दहांच्या सरासरीपासून मोजले, त्यामुळे नऊ फरक कळले की दहावा आपोआप ठरतो, मोकळे नऊच. या नवाला स्वातंत्र्यमात्रा म्हणतात. १२२.५ भागिले ९ म्हणजे १३.६१, त्याचं वर्गमूळ ३.६९ ग्रॅम. ही नमुन्याची एसडी. तिला दहाच्या वर्गमुळाने, म्हणजे ३.१६२ने, भागलं की १.१७ ग्रॅम, ही सरासरीची प्रमाण त्रुटी.

आता गुणक. असे शंभर पट्टे काढले तर सुमारे ९५ खरी सरासरी पकडतील, असा '९५ टक्क्यांचा' पट्टा हवा. एसडी ठाऊक असती तर त्यासाठी प्रमाण त्रुटीला १.९६ने गुणलं असतं. ती आपण अंदाजाने काढली, म्हणून टी-कोष्टकात ९ स्वातंत्र्यमात्रांच्या ओळीत बघायचं : २.२६२. गुणाकार २.६४. म्हणजे सरासरी ५०१.५ अधिक-उणे २.६, अर्थात ४९८.९ ते ५०४.१ ग्रॅम. पाचशे या पट्ट्याच्या आतच आहेत. तेव्हा 'आम्ही पाचशेच्या वर भरतो' हे या दहा पाकिटांवरून ठामपणे म्हणता येत नाही.

तुम्हाला खालचीच बाजू सांभाळायची असेल तर एकतर्फी गुणक घ्या, १.८३३. खालची मर्यादा येते ४९९.४. तीही पाचशेच्या खालीच. पसारा असाच राहिला आणि दहाच पाकिटं तोलायची, तर सरासरी ५०२.२च्या आसपास दिसायला हवी.

१.९६च्या जागी २.२६२ का, ते नीट समजून घ्या, कारण पुढच्या सगळ्या उत्तरांचं मूळ तिथे आहे. छोट्या नमुन्याची एसडी स्वतःच डळमळीत असते, आणि ती डळमळ दोन्ही बाजूंना सारखी नसते. वजनं घंटाकृती वाटणीची (मध्ये दाट, दोन्ही बाजूंना सारखी विरळ) असतील आणि पाच-पाच पाकिटांचे नमुने घेत राहिलात, तर शंभरातले सुमारे ५९ नमुने खऱ्यापेक्षा कमी एसडी दाखवतात. म्हणजे बहुतेक वेळा आपण असतो त्यापेक्षा जास्त ठाम वाटतो. तशा नमुन्यांवर १.९६ लावलं तर '९५ टक्के' म्हणून काढलेले पट्टे खरी सरासरी पकडतात फक्त ८८ टक्के वेळा. तीनच पाकिटं असतील तर ८१, दोनच असतील तर ७०.

हे ज्याच्या हाताला आधी लागलं, तो डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यातला रसायनशास्त्र शिकलेला विल्यम सीली गॉसेट. कारखान्यात चाचण्या थोड्याच व्हायच्या, आणि मोठ्या नमुन्यांची सूत्रं तिथे फसायची. १९०८ साली त्याने 'बायोमेट्रिका' या नियतकालिकात 'स्टुडंट' या टोपणनावाने उत्तर छापलं; आजच्या टी-कोष्टकाचं मूळ तेच. पडताळा घेण्यासाठी ३००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, तुकडे पिसले आणि चार-चारचे ७५० नमुने केले. संगणक नसताना केलेलं हे अनुकरण आजही वर्गात करून बघण्यासारखं आहे; पुठ्ठ्याऐवजी भाजणीची पाकिटं चालतील.

अजून दोन गोष्टी. एक, ४९८.९ ते ५०४.१ हा पट्टा *सरासरीचा* आहे, एकेका पाकिटाचा नाही. सुटी पाकिटं साधारण ४९४ ते ५०९मध्ये फिरतील. पॅकबंद मालाच्या २०११च्या नियमांत दोन्हींची दखल आहे : सरासरी छापलेल्या वजनाखाली नको, आणि ५०० ग्रॅमच्या पाकिटाला कमाल मान्य त्रुटी १५ ग्रॅम. दोन, दहाही पाकिटं सकाळी ओळीने उचलू नका. डबा भरलेला असताना आणि तळाला आल्यावर भाजणी सारखी पडत नाही, शिवाय भरणारे हातही बदलतात. दिवसभरातून विखरून घ्या.

अधिक-उणे १ ग्रॅमपर्यंत यायचं तर किती पाकिटं लागतील? गुणक गुणिले एसडी भागिले १, आणि त्याचा वर्ग. १.९६ घेऊन ५३ येतात. पण ५३ पाकिटांनाही टी लागतोच, तो धरून ५५. यातही ३.६९ हा आकडा बरोबर आहे असं आपण गृहीत धरलं. खात्रीच हवी असेल तर संख्याशास्त्रज्ञ चार्ल्स स्टाइनने १९४५ साली दिलेली दोन टप्प्यांची रीत आहे : पहिल्या दहांचा टी, २.२६२, तोच ठेवायचा. मग ७० येतात, म्हणजे आणखी ६०. शेवटी सरासरी सत्तरांची घ्यायची, एसडी आणि टी मात्र पहिल्या दहांचेच. हे विचित्र वाटतं, पण हमी त्यातूनच मिळते.

प्रश्न : स्प्रेडशीटमध्ये एकाच आकड्यांचे दोन वेगळे पट्टे येतात. कोणता धरू? शिवाय '३०च्या वर मापं असली की टी विसरा' हे खरं का? आमच्याकडे मशीन बंद पडल्यापासून चालू होईपर्यंतच्या मिनिटांच्या नोंदी आहेत. (भोसरी)

उत्तर : गोंधळ तीन ठिकाणी होतो. 'एसटीडीईव्ही डॉट पी' एकूण संख्येने भागतं, 'डॉट एस' एक कमी करून. भाजणीच्या आकड्यांवर पहिलं ३.५ देतं, दुसरं ३.६९. तुम्हाला दुसरं हवं. मग 'कॉन्फिडन्स डॉट नॉर्म' १.९६ वापरतं, 'कॉन्फिडन्स डॉट टी' टी वापरतं. जुनं नुसतं 'कॉन्फिडन्स' म्हणजे पहिलंच. दोन्ही चुका एकत्र केल्यात तर २.६४च्या जागी २.१७ येतं, पट्टा १८ टक्के अरुंद, आणि पडद्यावर कुठेही लाल खूण नाही. तिसरं, 'टी डॉट आयएनव्ही'ला ०.०५ आणि ९ दिलंत तर −१.८३३ मिळतं, कारण ते डाव्या शेपटीकडून मोजतं. त्याला ०.९७५ द्या, किंवा 'डॉट टूटी' वापरून ०.०५ द्या, दोन्हीकडे २.२६२.

तीसचा नियम छापील कोष्टकांच्या काळातला. कागद तिसाच्या आसपास संपायचा. तीस मापांना टी २.०४५ आहे, म्हणजे १.९६पेक्षा चार टक्के जास्त. एकसष्ट मापांना बरोबर २.०००. कुठेही उंबरठा नाही. संगणक कोष्टक बघून दमत नाही, तेव्हा कायम टीच लावा.

तुमची खरी अडचण वेगळी आहे. बंद मशीनची मिनिटं घंटाकृती नसतात. पत्रातल्या आठ नोंदी घ्या : १२, १५, ९, २०, १४, ११, १८ आणि ३०१. सरासरी ५०, एसडी १०१.५, प्रमाण त्रुटी ३५.९, सात स्वातंत्र्यमात्रांचा टी २.३६५. पट्टा येतो उणे ३५ ते १३५ मिनिटं. बंद पडायच्या आधीच अर्धा तास चालू झालेलं मशीन दाखवा, बघायला येतो. टीचं गणित इथे चुकलेलं नाही. माप ज्या वाटणीतून आलं ती एका बाजूला लांब शेपटीची आहे, आणि त्याला आठ नोंदी फारच थोड्या. तशा वाटणीला तीसही पुरतील याची शाश्वती नाही.

म्हणून ३०१ खोडू नका. तो पाच तासांचा खोळंबा खरोखर झाला आहे आणि महिन्याच्या उत्पादनातून वजा झाला आहे. मिनिटांचे लॉगॅरिदम घेऊन पट्टा काढायचा सल्ला कोणी देईल. तो पट्टा परत मिनिटांत आणलात की गुणोत्तर मध्याचा (बेरजेऐवजी गुणाकारावरून काढलेल्या सरासरीचा) होतो, साध्या सरासरीचा नाही. महिन्याची एकूण बंद मिनिटं काढायची असतील तर त्याचा उपयोग नाही. किरकोळ बंद (सेन्सर, चिप अडकणं) आणि मोठा बिघाड (स्पिंडल, ड्राइव्ह) यांच्या याद्याच वेगळ्या करा. किरकोळीला टी चालेल. मोठ्या बिघाडासाठी वर्षभराच्या नोंदी साठवाव्या लागतील.

प्रश्न : गेल्या अंकात तुम्ही लिहिलंत, 'खरी सरासरी या पट्ट्यात असण्याची शक्यता ९५ टक्के.' हे चूक आहे. दुरुस्ती छापावी. (सदाशिव पेठ)

उत्तर : चूक आहे, आणि दुरुस्ती ही. खरी सरासरी ठरलेली आहे, हलतो तो पट्टा. याच रीतीने पुन्हा पुन्हा नमुने घेतले तर शंभरातले सुमारे पंच्याण्णव पट्टे तिला पकडतील. हाती आलेला एक पट्टा पकडणाऱ्यांतला की चुकणाऱ्यांतला, हे त्याच्याकडे बघून कळत नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीत १२० फ्लॅट आहेत. चिठ्ठ्या टाकून १२ फ्लॅट निवडले, मीटर बसवले आणि सात दिवस रोजचा वापर लिहिला. एकूण ८४ नोंदी, सरासरी ४८० लिटर, एसडी १३०. पट्टा अधिक-उणे २८ लिटर आला. टँकरचं वर्षाचं कंत्राट यावर ठरवू का? (बाणेर)

उत्तर : चिठ्ठ्या टाकल्यात हे उत्तम, बहुतेक ठिकाणी कमिटीतल्यांच्याच घरी मीटर बसतात. पण नमुना ८४चा नाही, १२चा आहे. ज्या घरात सोमवारी ६०० लिटर लागले तिथे मंगळवारी २५० लागायची शक्यता कमी. सात दिवस म्हणजे त्याच घराची सात वेळा साक्ष. ८४ने भागून प्रमाण त्रुटी काढलीत, म्हणून पट्टा खोटा अरुंद झाला.

आधी प्रत्येक फ्लॅटची सात दिवसांची सरासरी काढा. पत्रातल्या तक्त्यावरून ती अशी : ४२०, ५१०, ३८०, ६४०, ४६०, ५५०, २९०, ४७०, ६००, ४३०, ५२०, ४९०. सरासरी ४८०च राहते. वर्गांची बेरीज १,००,२००, भागिले ११, एसडी ९५.४, प्रमाण त्रुटी २७.६, टी २.२०१. पट्टा अधिक-उणे ६१. तुमच्या २८च्या दुपटीहून जास्त.

यात थोडी सूट मिळते. १२०पैकी १२ घरं, म्हणजे समष्टीचा दहावा हिस्सा आपण बघितलाच आहे. म्हणून प्रमाण त्रुटीला ०.९च्या वर्गमुळाने, म्हणजे ०.९४९ने, गुणा. ६१चे ५८ होतात. नमुना पाच टक्क्यांच्या आत असेल तर या सुटीच्या मागे लागू नका.

आता १२०ने गुणा : रोज ५७,६०० लिटर, अधिक-उणे ६,९००. दहा हजारी टँकरच्या भाषेत पाच ते साडेसहा. कंत्राट बोलताना दीड टँकरचा हा फरक टेबलावर ठेवा.

पट्टा आवळायचा असेल तर दिवस वाढवून फारसा फायदा नाही, फ्लॅट वाढवा. तेच बारा मीटर आठवड्याने दुसऱ्या बारा घरांना लावा. टू-बीएचके आणि थ्री-बीएचके असे दोन गट करून प्रत्येकातून प्रमाणात चिठ्ठ्या काढल्यात तर आणखी बरं. बंद फ्लॅट १२०त मोजले असतील तर चिठ्ठीतही हवेत, आणि निघाला तर शून्य लिहायचं. 'तिथे कोणी नाही' म्हणून दुसरी चिठ्ठी उचलायची नाही. आणि हा आठवडा मे महिन्यातला असेल तर तो मे महिन्याबद्दलच बोलतो. वर्षाचं कंत्राट त्यावर करायचं तर ऑगस्ट आणि डिसेंबरमध्ये पुन्हा मोजा. टीच्या कोष्टकात ऋतू नसतात.

प्रश्न : साइटवर एम-२५च्या (२५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकदीच्या काँक्रीटच्या) एका मिश्रणाचे तीन क्यूब, म्हणजे चाचणीचे ठोकळे, २८ दिवसांनी फोडले : २७.४, २९.१, २५.९. तिनांवर ९५ टक्क्यांचा पट्टा काढला तर इतका रुंद येतो की सल्लागार हसले. (वाकड)

उत्तर : सरासरी २७.५, एसडी १.६०, टी मात्र ४.३०३, कारण स्वातंत्र्यमात्रा दोनच. पट्टा २३.५ ते ३१.४. गणित बरोबर आहे, हसण्यासारखं काही नाही. तीन आकड्यांत पसाऱ्याबद्दल एवढीच माहिती असते. आणखी क्यूब आता मिळणार नाहीत, कारण काँक्रीट कॉलममध्ये जाऊन बसलं.

उपाय जुन्या नोंदींत आहे. तेच मिश्रण, तीच प्रयोगशाळा, तेच यंत्र असेल तर आधीचे तीन-तीनचे आठ संच काढा. प्रत्येकाच्या आतल्या फरकांचे वर्ग (त्या-त्या संचाच्या सरासरीपासून) मिळवा. दर संचाला दोन, म्हणजे १६ स्वातंत्र्यमात्रा. आजच्या दोन धरून १८. एकूण बेरीज १८ने भागून वर्गमूळ. ते समजा १.५ आलं, तर १८चा टी २.१०१ आणि पट्टा अधिक-उणे १.८. ४ वरून १.८, एकही नवा क्यूब न फोडता. सगळे २७ क्यूब एका ढिगात टाकून एसडी काढू नका. मग दिवसादिवसांतला फरकही त्यात मिसळतो.

पण हा पट्टा त्या एका मिश्रणाचा. साऱ्या साइटच्या काँक्रीटची सरासरी हवी असेल तर तिनांची सरासरी हा *एक* आकडा; बाणेरच्या फ्लॅटसारखंच. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ हेच धरून चालतं : तीन क्यूबची सरासरी म्हणजे एक नमुना, आणि एकही क्यूब सरासरीपासून १५ टक्क्यांहून दूर नको. अशा ३० नमुन्यांचे निकाल हाती येईपर्यंत एम-२०, एम-२५साठी एसडी ४ धरून मिश्रण आखायचं. म्हणून एम-२५चं लक्ष्य २५ अधिक १.६५ गुणिले ४, म्हणजे ३१.६. तुमचे २७.५ त्याच्या बरेच खाली आहेत. सल्लागारांशी बोलायचं ते यावर बोला.

प्रश्न : बाजरीच्या शेतात एक मीटर बाय एक मीटरचे सहा चौकोन कापून उतारा काढतो. टीचा पट्टा लावतो. दर वर्षी खळ्यावरचं खरं पीक पट्ट्याच्या खालीच निघतं. (शिरूर)

उत्तर : एखाद्या वर्षी चुकलं असतं तर नशीब म्हटलं असतं. दर वर्षी एकाच बाजूला चुकतं, तेव्हा दोष पसाऱ्याचा नाही, चौकोनाचा आहे.

फर्ग्युसन कॉलेजात शिकलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात पीककापणीच्या नमुन्यांत हेच दाखवलं : छोटे चौकोन उतारा फुगवून सांगतात. सीमेवरचं कणीस आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा विळा ते आत ओढतो. एक मीटरच्या चौकोनाला एक चौरस मीटरमागे चार मीटर सीमा. दहा बाय पाचच्या तुकड्याला ०.६ मीटर. चूक करायला जागाच कमी. त्यातून तुमच्या ओळी ४५ सेंटिमीटरवर असतील तर एक मीटरमध्ये सरासरी २.२ ओळी बसतात. चौकोन जरा सरकवून तीन ओळी आत घेतल्या की तेवढ्यानेच उतारा ३५ टक्के जास्त. सहाही चौकोनांत तसंच केलंत तर आकडे एकमेकांशी छान जुळतात, एसडी लहान येते आणि पट्टा चुकीच्या जागी घट्ट बसतो.

तुकडा मोठा घ्या. चार खुंट्या, दोरी ताणून, कर्णही मोजून बघायचा. दहा बाय पाचला तो ११.१८ मीटर आला नाही तर कोपरे काटकोनात नाहीत. कुठून सुरुवात करायची ते पिकाकडे बघून नव्हे, बांधावरून चिठ्ठीतल्या आकड्याइतकी पावलं टाकून ठरवा. ताट आत की बाहेर हे मुळावरून; मूळ नेमकं दोरीखाली असेल तर दोन लगतच्या बाजूंचं आत, उरलेल्या दोन बाजूंचं बाहेर. आणि कापल्याबरोबर तोललेलं ओलं वजन खळ्यावरच्या वाळलेल्या बाजरीशी ताडू नका. कणसं वाळवून, मळून, मग तोला.